जॅग्वारची विक्री जाहिरातीमुळे घटली नाही

गेले वर्षभर पुण्यातल्या निवृत्त टेल्को-मंडळींच्या (टेल्को हे टाटा मोटर्सचे जुने नाव) आणि शेअरबाजारात रमणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर थोड्याफार फरकाने फिरतो आहे. टाटांच्या मालकीच्या जॅग्वार या ब्रिटिश मोटार कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये गाडीच नसलेली भडक जाहिरात काढली, बोधचिन्हातला उडी मारणारा जॅग्वार हद्दपार केला, त्यामुळे चांगली चाललेली कंपनी बसली आणि युरोपातली विक्री 97.5 टक्क्यांनी कोसळली. टाटा मोटर्सचा शेअर एका दिवसात 40 टक्क्यांनी पडला, मुख्याधिकाऱ्यांना घरी जावे लागले, जुने ग्राहक कायमचे गेले, आणि रतन टाटा असते तर हे घडलेच नसते, असा त्याचा आशय आहे. यातले आकडे बरेचसे खरे आहेत. त्यांना चिकटवलेली कारणे मात्र जवळजवळ सगळी चुकीची आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो. जॅग्वारचा हा डाव साधेलच असे माझे म्हणणे नाही. मलाही शंका आहेत, पण त्या या मजकुरात कुठेही नाहीत.

आधी तो गाजलेला आकडा घेऊ. एप्रिल 2024 मध्ये युरोपात 1,961 जॅग्वार गाड्यांची नोंदणी झाली होती आणि एप्रिल 2025 मध्ये ती 49 वर आली, हे खरे आहे. परंतु त्या एप्रिलमध्ये विकायला गाड्या होत्या कुठे? एक्सई, एक्सएफ आणि एफ-टाइप या गाड्यांचे इंग्लंडमधल्या कॅसल ब्रॉमविच कारखान्यातले उत्पादन 2024 च्या मध्यालाच संपले होते. ऑस्ट्रियात ग्राझ येथे तयार होणाऱ्या ई-पेस आणि आय-पेस त्या वर्षाच्या अखेरीस बंद झाल्या. खुद्द ब्रिटनमध्ये नव्या गाड्यांची विक्री नोव्हेंबर 2024 मध्ये थांबवण्यात आली. आणि उरलेली एफ-पेस 2025 च्या अखेरीपर्यंत तेवढी चालू राहिली. हे सारे ठरवून झाले. कंपनीचे तत्कालीन प्रमुख थिएरी बोलोरे यांनी फेब्रुवारी 2021 मध्येच जाहीर केले होते की 2025 पासून जॅग्वार फक्त विजेवरच्या गाड्या बनवील. म्हणजे निर्णय आधीचा आणि जाहिरात त्यानंतर पावणेचार वर्षांनी आलेली. दुपारी 1 ते 4 बंद असलेल्या दुकानाचा त्या तीन तासांतला गल्ला मोजून दुकान बुडाले असे निदान पुण्यात तरी कोणी म्हणू नये.

यात कंपनीचा दोष नाही असे नाही. जुन्या गाड्या वेळेवर बंद झाल्या, नवी गाडी मात्र 2025 वरून 2026 वर गेली, आणि मधल्या काळात विक्रेत्यांना रिकाम्या जागेकडे बघत बसावे लागले. हा दोष नियोजनाचा आहे आणि जाहिरात कितीही सोज्ज्वळ असती तरी तो राहिलाच असता.

‘चांगली चाललेली कंपनी’ हा दुसरा दावा, आणि माझ्या मते सगळी गफलत याच ठिकाणी आहे. 2018 च्या सुमारास जॅग्वार जगभरात वर्षाला सुमारे 1 लाख 80 हजार गाड्या विकत होती. मार्च 2024 अखेरच्या वर्षात हा आकडा सुमारे 67 हजारांवर आला होता. ही घसरण जाहिरातीच्या आधीची आहे. शिवाय तेजीच्या वर्षातला तो 1 लाख 80 हजारांचा आकडासुद्धा पुरेसा नव्हता, कारण ज्या बीएमडब्ल्यूशी टक्कर द्यायला एक्सई आणि एक्सएफ काढल्या होत्या, ती वर्षाला 20 लाखांहून अधिक गाड्या विकते. भोसरी-चाकण पट्ट्यात पत्र्याचे भाग दाबून काढणारे प्रेस शॉप चालवणाऱ्या कोणालाही हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. दरवाजाची डाय, म्हणजे साचा, बनवायला येणारा खर्च त्या डायमधून 50 हजार दरवाजे निघोत की 10 लाख, जवळपास तेवढाच असतो; नग कमी निघाले की प्रत्येक दरवाजावर त्या खर्चाचा मोठा हिस्सा बसतो. इंजिन, गिअरबॉक्स, अपघात-चाचण्या, सॉफ्टवेअर या सगळ्यांना हाच हिशोब लागू पडतो. किंमत बीएमडब्ल्यूइतकी लावायची आणि नग मात्र तिच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी काढायचे, अशा व्यवहारात नफा उरणे अवघडच होते.

फोर्डने हाच प्रयोग आधी करून पाहिला होता. 1989 मध्ये त्यांनी जॅग्वार सुमारे 250 कोटी डॉलरना घेतली, 2000 मध्ये लँड रोव्हर सुमारे 270 कोटींना घेतली आणि 2008 मध्ये दोन्ही मिळून टाटा मोटर्सला 230 कोटींना विकल्या. मधल्या काळात जॅग्वारची संख्या वाढावी म्हणून 2001 मध्ये फोर्डच्याच मोंदेओ गाडीच्या सांगाड्यावर एक्स-टाइप बेतली, पण ती संख्या काही गाठता आली नाही. जॅग्वार हे नाव सगळ्यांना आवडायचे आणि गाडी थोडेच लोक घ्यायचे, ही परिस्थिती टाटांच्या वाट्याला वारसाहक्काने आली.

याचा एक नमुना मी जवळून पाहिला आहे. पुण्याजवळच्या चिखलीतल्या कारखान्यात 2011 मध्ये लँड रोव्हरच्या फ्रीलँडरची जुळणी सुरू झाली आणि 2013 पासून एक्सएफही तिथे जुळू लागली. तशी एक एक्सएफ माझ्या एका स्नेह्यांनी प्रभात रस्त्यावरच्या आपल्या बंगल्यात आणली होती. गाडीत बसले की स्टार्टचे बटण हृदयाच्या ठोक्यासारखे लाल लुकलुकायचे. ते दाबले की गिअरची गोल चकती कन्सोलमधून सावकाश वर यायची आणि डॅशबोर्डवरची हवेची झापडे आपसूक उलटून उघडायची. हा सोहळा दाखवायला ते येणाऱ्याजाणाऱ्याला गाडीत बसवत. आठ वर्षे त्यांनी ती कौतुकाने वापरली, आणि बदलायची वेळ आली तेव्हा त्याच शोरूममधून लँड रोव्हर घेतली. ‘रस्ते असे, आणि नातवंडे दोन,’ एवढेच कारण त्यांनी सांगितले. एकाच छताखालची बहीण गिऱ्हाईक पळवत असताना लोगो जुना ठेवून काय साधले असते?

आता त्या लोगोविषयी. उडी मारणारा जॅग्वार काढून टाकला हे साफ चुकीचे आहे. आडव्या पट्ट्यांमध्ये कोरलेल्या रूपात तो ठेवलेला आहे. गेला आहे तो जाळीवरचा गुरगुरणारा चेहरा. मोठी आणि छोटी अक्षरे मिसळून लिहिलेले नवे नाव मला स्वतःला मुळीच आवडलेले नाही, पण आवडनिवड हा आर्थिक पुरावा होत नाही. जाहिरातीबद्दल माझा खरा आक्षेप तिच्या रंगांवर नसून तिच्या क्रमावर आहे. ती 19 नोव्हेंबरला आली आणि ‘टाइप 00’ हे गाडीचे प्रारूप मायामीत 2 डिसेंबरला दाखवले गेले. मधले दोन आठवडे बोलायला गाडीच नव्हती, म्हणून लोक नटांच्या कपड्यांवर बोलले, आणि ‘तुम्ही गाड्या विकता का?’ असे इलॉन मस्क यांनी जाहीरपणे विचारले तेव्हा दाखवायला कंपनीच्या हातात काही नव्हते. पहिल्याच दिवशी गाडी पुढे केली असती तर टीका निदान गाडीवर तरी झाली असती.

शेअरच्या मुद्द्यावर फार शब्द खर्च करण्यासारखे नाही. 14 ऑक्टोबर 2025 रोजी टाटा मोटर्सचा भाव 660 रुपयांवरून 400 वर दिसला, कारण त्या दिवशी ट्रक-बसचा व्यवसाय वेगळा काढण्यात आला आणि प्रत्येक शेअरमागे नव्या कंपनीचा एक शेअर भागधारकांना मिळाला. तो नोव्हेंबरमध्ये बाजारात नोंदलाही गेला. ‘शेअर कोसळला’ म्हणून मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी काहींच्या स्वतःच्या डीमॅट खात्यात तो दुसरा शेअर मुकाट जमा झालेला होता. उलट ज्या आर्थिक वर्षात ही जाहिरात आली, त्या मार्च 2025 अखेरच्या वर्षात जॅग्वार लँड रोव्हरचा करपूर्व नफा 250 कोटी पौंड होता, म्हणजे दशकभरातला सर्वाधिक. त्यानंतरचे फटके खरे आहेत, पण त्यांची कारणे निराळी: अमेरिकेने एप्रिल 2025 मध्ये लावलेले आयात शुल्क, आणि सप्टेंबरमधला सायबर हल्ला, ज्यामुळे कारखाने सुमारे पाच आठवडे ठप्प झाले आणि त्या तिमाहीत 48.5 कोटी पौंडांचा तोटा झाला.

मुख्याधिकारी एड्रियन मार्डेल यांची निवृत्ती जुलै 2025 च्या अखेरीस जाहीर झाली. पाठोपाठ अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्या जाहिरातीची खिल्ली उडवल्यामुळे दोन गोष्टींचा संबंध जोडला गेला. मार्डेल कंपनीत 35 वर्षे होते, त्यांनी नुकताच दशकभरातला सर्वाधिक नफा दाखवला होता, आणि त्यांच्या जागी टाटा मोटर्सचे वित्तप्रमुख पी. बी. बालाजी आले. रतन टाटांचे नाव तर या वादात ओढायलाच नको होते. फेब्रुवारी 2021 मध्ये ही योजना जाहीर झाली तेव्हा ते हयात होते. समूहाची धुरा त्याआधी चार वर्षांपासून एन. चंद्रशेखरन यांच्याकडे होती. टाटांच्या मनात काय असते हे त्यांच्या पश्चात ठरवण्याचा अधिकार फॉरवर्ड करणाऱ्याला नाही आणि मलाही नाही.

राहिला जुन्या ग्राहकांचा मुद्दा. जुने बहुतेक ग्राहक आपल्याबरोबर येणार नाहीत, हे कंपनीने स्वतःच गृहीत धरले आहे. नव्या गाडीची किंमत 1 लाख पौंडांच्या वर जाणार असल्यामुळे ते ओघानेच आले. म्हणजे कमी गाड्या, पण प्रत्येक गाडीवर भरपूर नफा, असा हा हिशोब आहे. प्रेस शॉपच्या गणितातून सुटायचा तो एक मार्ग आहे, हे मान्य करायला हवे. माझी शंका इथून सुरू होते.

कंपनीने घोषवाक्यासाठी संस्थापक विल्यम लायन्स यांचा आधार घेतला: जॅग्वार कशाचीही नक्कल असू नये. पण लायन्स यांच्या यशाचा दुसरा अर्धा भाग किंमत हा होता. 1948 ची एक्सके 120 आणि 1961 ची ई-टाइप या गाड्यांनी जगाला वेड लावले ते फेरारीच्या तोडीचा वेग आणि देखणेपण निम्म्याहून कमी किमतीत दिल्यामुळे. वारशातला हा भाग सोडून कंपनी बेंटलीसारख्या अतिमहागड्या गाड्यांच्या अंगणात पाऊल टाकते आहे, आणि त्या अंगणात सध्या विजेच्या गाडीला फारसा उठाव नाही. पोर्शच्या टायकान या विजेच्या गाडीची विक्री 2024 मध्ये जवळपास निम्म्यावर आली. बेंटलीने केवळ विजेच्या गाड्यांवर जाण्याची मुदत 2030 वरून 2035 वर नेली. 2021 मध्ये धाडसी वाटलेला निर्णय 2026 मध्ये बाजाराच्या उलट्या प्रवाहात उतरतो आहे.

आकुर्डीचे उदाहरण इथे आठवते. बजाजने 2009 मध्ये स्कूटर बनवणेच थांबवले होते. जानेवारी 2020 मध्ये चेतक विजेवर परत आली ती सुमारे 1 लाख रुपयांना, धातूच्या बॉडीसह आणि लांबूनही ओळखू येईल अशा गोल बांध्यात. मध्ये दहा वर्षांचा खंड पडूनही ती जमली, कारण इंजिन बदलले तरी ओळख राखली आणि किंमत त्याच घरांच्या आवाक्यात ठेवली. टाइप 00 मध्ये लांबलचक बॉनेट एवढाच जुना धागा उरला आहे. मागची काचसुद्धा नाही. ब्रँड नव्याने उभा राहूच शकत नाही असे चेतक पाहणाऱ्या पुणेकराने म्हणू नये, पण इंजिन, ओळख, किंमत आणि ग्राहक या चारही गोष्टी एकदम बदलून तो उभा राहतो का, हे चेतकवरून कळत नाही.

प्रभात रस्त्यावरच्या त्या स्नेह्यांना मी गुलाबी टाइप 00 चे छायाचित्र दाखवले. त्यांनी ते मोठे करून बराच वेळ न्याहाळले, बॉनेटची लांबी अंगठा आणि तर्जनीने मापली आणि म्हणाले, ‘ही बघायला मी नक्की जाणार.’ मग घेणार का, असे विचारल्यावर ते हसले, आणि 2024 पासून आपल्या चिखलीतच जुळणाऱ्या रेंज रोव्हरला सध्या किती महिने थांबावे लागते, याची चौकशी करू लागले.