राऊटरची साखळी लावून वेग वाढत नाही, आणि पासवर्ड तर मुळीच काढू नये

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा: घरातले जुने राऊटर टाकून देऊ नका, प्रत्येक खोलीत एक ठेवून ते रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारे यंत्र) म्हणून एकमेकांना जोडा, जितके राऊटर जास्त तितका वेग जास्त, कोणत्याही कंपनीचे चालतात, ज्या खोलीत रेंज येत नाही तिथेच रिपीटर ठेवा, आणि जोडणी होत नसेल तर वायफायचा पासवर्ड काढून टाका, कारण पासवर्डमुळेच राऊटर एकमेकांना ओळखत नाहीत. खानापूर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या थोरल्या काकांनी हा संदेश वाचून तो अक्षरशः अमलात आणला आणि आपले वायफाय कुलूप न लावता उघडे ठेवले. हे कळल्यावर गप्प बसणे शक्य नव्हते.

त्यामुळे पासवर्डचा मुद्दा आधी घेतो. हा सल्ला कुठून आला असावा, ते मला समजते. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेल्या वायफायच्या 802.11 या मूळ मानकात दोन राऊटरमधल्या बिनतारी दुव्यासाठी चार पत्त्यांची फ्रेम, म्हणजे माहिती पाठवण्याची मांडणी, दिलेली आहे, परंतु तो दुवा कसा जुळवायचा आणि त्यावरची गुप्त किल्ली कशी ठरवायची, हे त्यात सांगितलेले नाही. परिणामी प्रत्येक कंपनीने डब्ल्यूडीएस (राऊटर एकमेकांना बिनतारी जोडण्याची सोय) या नावाखाली आपापली पद्धत बसवली आणि पुष्कळ जुन्या राऊटरमध्ये ती जोडणी एकतर विनापासवर्ड किंवा वेप या जुन्या सुरक्षेवरच चालत असे. एवढ्यापुरती त्या संदेशात अर्धी सत्यता आहे, हे मान्य करतो. पण आजचे बहुतेक रिपीटर मुख्य राऊटरला एखाद्या मोबाईलसारखे जोडले जातात. त्यांना मुख्य राऊटरचा पासवर्ड एकदा भरून दिला की वेपनंतर आलेल्या डब्ल्यूपीए-2 सुरक्षेसह काम होते. पासवर्ड काढण्याचे कसलेही कारण उरत नाही.

कोणी म्हणेल, पूर्ण उघडे नको तर निदान वेप ठेवू. त्याचेही उत्तर फार पूर्वी मिळालेले आहे. 2007 मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथील तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधकांनी 104 बिटांची वेप किल्ली एका मिनिटाच्या आत शोधून दाखवली. सुमारे 40 हजार पॅकेट (हवेतून जाणारे माहितीचे तुकडे) हाती लागली तरी यशाची शक्यता निम्मी होती आणि 85 हजार पॅकेटांना ती 95 टक्क्यांवर गेली. तेव्हाच्या साध्या लॅपटॉपवर हे झाले. त्याआधीच, 2004 मध्ये, आयईईईने वेप कालबाह्य ठरवले होते. आपल्या देशातले उदाहरण हवे असेल तर 26 जुलै 2008 चे अहमदाबादचे बॉम्बस्फोट आठवावेत. स्फोटांच्या काही मिनिटे आधी धमकीचा जो ईमेल गेला, त्याचा माग तपास यंत्रणांनी काढला तेव्हा तो नवी मुंबईतील सानपाडा येथील एका अमेरिकी नागरिकाच्या असुरक्षित वायफायपर्यंत पोहोचला. ईमेल दुसऱ्या कोणी पाठवला होता, तरी चौकशीला मात्र जोडणी ज्याच्या नावावर होती त्यालाच सामोरे जावे लागले. बँकेचे व्यवहार स्वतंत्रपणे कूटबद्ध असतात, म्हणून काही बिघडत नाही, असे समजू नये. उघड्या नेटवर्कमध्ये शिरलेला माणूस राऊटरचे सेटिंगचे पान उघडू शकतो, आणि त्या पानाचा कारखान्यातून आलेला ‘ॲडमिन’ हा पासवर्ड आपल्याकडे फार थोडे लोक बदलतात.

आता वेगाचा दावा. जितके राऊटर तितका वेग, हे विधान थेट उलटे आहे. एकच रेडिओ असलेला जुना राऊटर एका वेळी एकतर ऐकतो किंवा बोलतो. रिपीटर झाल्यावर तो मुख्य राऊटरकडून आलेले प्रत्येक पॅकेट आधी घेतो आणि मग त्याच चॅनेलवर, म्हणजे त्याच रेडिओ पट्ट्यावर, पुन्हा पाठवतो, म्हणजे तीच माहिती हवेतून दोनदा जाते आणि दोन्ही वेळा बाकीच्यांना थांबावे लागते. निरोप्याला पूर्ण निरोप ऐकून घेतल्याशिवाय तो पुढे सांगता येत नाही, तसेच हे आहे. मुख्य राऊटरजवळ 36 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) मिळत असतील तर एका रिपीटरनंतर अधिकाधिक 18, दोघांनंतर 12 आणि तिघांनंतर 9 मिळतील, तेही सिग्नल सर्वत्र उत्तम आहे असे धरून. प्रत्यक्षात आकडे याहून खाली येतात, कारण पहिल्या आणि तिसऱ्या राऊटरला एकमेकांचे ऐकू येत नाही, दोघे एकाच वेळी बोलतात आणि पॅकेटे आदळून पुन्हा पाठवावी लागतात. शिवाय फायबरची योजना 40 एमबीपीएसची घेतली असेल तर घरात कितीही राऊटर मांडले तरी बाहेरून 40 च येणार.

जांभ्या दगडाच्या जुन्या घरांत तर ही साखळी आणखी लंगडी पडते. सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परडे अशी एकामागोमाग एक रचना, मध्ये दीड-दोन फूट जाडीच्या भिंती, आणि पावसाळ्यात त्या भिंतींत मुरलेले पाणी, जे वायफायच्या लहरी शोषून घेते. काकांनी संदेशातल्या सूचनेप्रमाणे रिपीटर मागच्या खोलीत, जिथे रेंज नव्हती तिथेच, ठेवला होता. मोबाईलवर पूर्ण दांड्या दिसत होत्या, कारण मोबाईलला शेजारचा रिपीटर दिसत होता. पण त्या रिपीटरलाच पुढून काही ऐकू येत नव्हते, त्यामुळे व्हिडिओ कॉल जागच्या जागी थिजत होता. रिपीटर नेहमी अशा जागी हवा जिथे मुख्य राऊटरचा सिग्नल अजून चांगला आहे, साधारण मध्यावर. त्यात मृग-आर्द्राच्या पावसात वीज जाणे हे खानापूर भागात नवे नाही. साखळीतला एखादा राऊटर जरी इन्व्हर्टरवर नसला तरी त्याच्या पलीकडचे सगळे बंद पडते.

कोणत्याही कंपनीचे राऊटर डब्ल्यूडीएसने जुळतात, हा दावाही चुकीचा आहे, कारण वर म्हटल्याप्रमाणे प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी आहे.

जुने राऊटर टाकून देऊ नयेत, हा संदेशातला एवढा भाग मात्र बरोबर आहे, फक्त ते तारेने जोडावेत. काकांच्या घरी सोप्यातून माजघरापर्यंत कॅट-5ई केबल ओढली. ही केबल 100 मीटरपर्यंत 1 जीबीपीएस (1000 एमबीपीएस) वाहून नेते, आणि राऊटरचा पोर्ट जुना असला तरी 100 एमबीपीएस मिळतातच. दुसऱ्या राऊटरचा पत्ता बदलून 192.168.1.2 असा, पहिल्याशी न भिडणारा ठेवला, त्याचे डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम) बंद केले, म्हणजे घरात पत्ते वाटणारा एकच राहिला, आणि केबल वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या) पोर्टमध्ये न लावता लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टमध्ये लावली. दोन्हींना एकच नाव आणि एकच डब्ल्यूपीए-2 पासवर्ड दिला, पण चॅनेल वेगळे, एकाला 1 आणि दुसऱ्याला 6, कारण 2.4 गिगाहर्ट्‌झमध्ये 1, 6 आणि 11 हेच एकमेकांवर न चढणारे चॅनेल आहेत. केबल घेताना ती शुद्ध तांब्याची आहे का, हे दुकानदाराला विचारावे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण ती वाकवताना तुटते आणि लांब अंतरावर दगा देते.

बेळगावच्या टिळकवाडीत किंवा अनगोळात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरमालक भिंतीला भोक पाडू देत नसेल, तर रिपीटर जरूर वापरावा. एकच वापरावा, शक्य तर दोन रेडिओ असलेला, म्हणजे मुख्य राऊटरशी तो 5 गिगाहर्ट्‌झवर बोलेल आणि मोबाईलशी 2.4 वर, आणि वेग निम्मा होणार नाही. पासवर्ड ठेवूनच.