श्रेडेड चिकन, कुकरच्या शिट्ट्या आणि चोथा : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

ताई, श्रेडेड चिकनच्या, म्हणजे शिजवून धागे सुटे केलेल्या चिकनच्या, माझ्या पाककृतीवर एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल मनापासून आभार. खाली दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून इथे वेगळं लिहितेय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की कुकरला तीन शिट्ट्या काढल्या की चिकन शिजतं, मग पातेलं, मंद आच, गॅस बंद करून झाकून ठेवा हा घोळ कशाला, मुळात जे चिकन पाण्यातच बुडालंय ते कोरडं होईलच कसं, मिक्सरला एकदा फिरवलं की धागे होतातच, आणि चिकन नळाखाली धुवू नका असं मी लिहिलंय ते तर किळसवाणं आहे.

आधी पाण्याचंच घेते कारण सगळी गोम तिथेच आहे. कच्च्या चिकनमध्ये जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं, आणि ते त्याच्या तंतूंमध्ये धरून ठेवलेलं असतं. आतलं तापमान साठ-पासष्ट अंशांच्या पुढे चढायला लागलं की हे तंतू आकसतात आणि फडकं पिळावं तसं आतलं पाणी बाहेर टाकतात. एकदा बाहेर पडलेलं पाणी परत आत शिरत नाही, मग तुम्ही ते पातेलंभर पाण्यात ठेवा नाहीतर तव्यावर टाका. म्हणून पाण्यात उकळलेल्या चिकनचाही चोथा होतो.

आता कुकर. शिट्टी होते तेव्हा आत साधारण १२० अंश असतात आणि ब्रेस्ट पीस आतून ७४ अंशांना पोचला की खायला सुरक्षित असतो. तीन शिट्ट्या आणि वर कुकर पडेपर्यंतचा वेळ, एवढ्यात तो बिचारा तुकडा त्याच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. रश्शात हे कळत नाही कारण रस्सा घासाला ओलावा देतो, पण तेच चिकन पोळीच्या रोलमध्ये किंवा डब्याच्या सँडविचमध्ये घाला, घास घशात अडकतो.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या आई गावरान कोंबडी कुकरलाच लावायच्या आणि बोटांनी सुटी व्हायची. अगदी खरंय, आणि गावरानला मीही कुकरच वापरते. पण ती कोंबडी अंगणात फिरलेली, वयाने मोठी, तिचं मांस घट्ट आणि सांध्याभोवती चिवट भाग भरपूर, तो विरघळायला जास्त उष्णता आणि वेळ लागतोच. आज आपण दुकानातून आणतो तो ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांचा असतो, त्याच्या ब्रेस्टमध्ये विरघळायला फारसं काही नसतंच. तंगडीचं मात्र वेगळं, तो पीस जास्त शिजला तरी मऊच राहतो. त्यामुळे कुकर सोडवतच नसेल तर बोनलेस लेग घ्या आणि एक शिट्टी काढा, छान सुटतं.

ब्रेस्टसाठी माझी पद्धत परत सांगते म्हणजे घोळ किती आहे ते तुम्हीच ठरवा. दोनशे-अडीचशे ग्रॅमचे तुकडे एका थरात पातेल्यात, वर बोटभर येईल एवढंच गार पाणी, चवीला जरा जास्त वाटेल इतकं मीठ, ठेचलेला लसूण, आल्याचा तुकडा, चार मिरे. मध्यम आचेवर ठेवायचं, तळाशी बारीक बुडबुडे यायला लागले की आच एकदम मंद, खळखळून उकळू द्यायचं नाही, झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं आणि मग गॅस बंद करून तसंच पंधरा मिनिटं. गॅस कुकरपेक्षा फार काही जास्त जात नाही, अर्धं काम साठलेली उष्णताच करते. तुकडा जाड असेल तर सगळ्यात जाड जागी थर्मामीटर खुपसून ७४ आलेत का बघायचं, नसतील तर परत थोडा गॅस लावायचा. नुसत्या रंगावर विसंबू नका.

चव सगळी पाण्यात जाते हे तुमचं म्हणणं थोडंफार बरोबर आहे, म्हणूनच पाणी बोटभरच घालायचं आणि ते ओतून द्यायचं नाही. कोल्हापूरकडे मटणाचं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखट पाणी, जसं लहान मुलांना आणि आजाऱ्याला देतात तसं हे पाणी गाळून थोडं लिंबू पिळून प्या नाहीतर त्यात भात शिजवा. आणि धागे काढून झाले की त्यातलेच दोन-तीन चमचे परत चिकनवर घाला, ही पायरी कृपा करून गाळू नका, फरक पहिल्या घासालाच कळतो.

मिक्सरचं म्हणाल तर त्याचं पातं कापतं, धागे सोडवत नाही, दोन सेकंद जास्त झाले की लगदा. त्यापेक्षा तुकडा पाच-दहा मिनिटं ताटात ठेवायचा, हाताला सोसेल इतका गरम असतानाच काम सुरू करायचं, फ्रीजमधून काढलेलं चिकन नीट सुटत नाही. आता तुकड्याकडे नीट बघा, तंतू लांबीच्या दिशेने गेलेले दिसतील. आधी त्यांना आडवे छेद देऊन दोन-दोन इंचाचे भाग करायचे आणि मग दोन काट्यांनी किंवा बोटांनी तंतूंच्या दिशेने ओढायचं. आडवं न कापता ओढलं तर वीतभर लांब दोऱ्या निघतात आणि रोलचा घास घेतला की अख्खं सारण बाहेर ओढलं जातं.

धुण्याबद्दल. किळस मला कळते, दुकानातून आलेल्या चिकनला रक्त, हाडाचे कण, कधी पिसाचा तुकडाही असतो. पण नळाच्या धारेखाली धरलं की शिंतोडे उडतात आणि कच्च्या चिकनवरचे जंतू ओट्यावर, भांड्यांवर, कोशिंबिरीच्या काकडीवर जाऊन बसतात. ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने २०१४ मध्ये याच कारणासाठी चिकन धुवू नका अशी मोहीमच काढली होती. जंतू मरतात ते शिजवताना, धुताना नाही. फारच खराब असेल तर भांड्यात पाणी घेऊन त्यात अलगद बुडवा, हाताने कण काढा, पाणी हळूच ओता आणि नंतर सिंक, हात सगळं साबणाने धुवा. घरात लहान बाळ किंवा म्हातारं माणूस असेल तर याबाबतीत अजिबात कंटाळा करू नका.

आणि शेवटी तुम्ही विचारलंय की हे सकाळी करून संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवलं तर चालेल का. नाही चालणार. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलंच पाहिजे, आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तर तासाभरात. चिकन शिजवलेलं तेच पाणी थोडं घालून झाकणाच्या डब्यात ठेवलं की तीन दिवस आरामात टिकतं.