बाकी सगळं ठीक आहे

2क्ष³ − 5क्ष + 7 ला क्ष + 3 ने भागा, बाकी सांगा. गणित एवढंसंच, पण माझ्याकडे उत्तरं चार: −32, 40, 46 आणि 76.

46 चा गुन्हेगार सगळ्यांच्या ओळखीचा. शेष सिद्धांत म्हणतो, क्ष − अ ने भागलंत तर क्षच्या जागी अ ठेवा, येईल ती किंमत म्हणजेच बाकी. भाजक क्ष + 3, म्हणजे ठेवायचे −3. पण समोर ढळढळीत अधिक 3 दिसत असताना हात 3 च ठेवतो. 76 हे लांबलचक भागाकाराचं अपत्य. तिथे −5क्ष मधून −18क्ष वजा करायचे असतात. होतात 13क्ष, आणि घाईत लिहिले जातात −23क्ष. पुढचं मग कितीही सुवाच्य अक्षरात लिहा.

खरा छुपा रुस्तम 40. संश्लेषक भागाकारात (ही भागाकाराची आखूड रीत) नुसते सहगुणक, म्हणजे क्षच्या घातांना चिकटलेले आकडे, मांडायचे, म्हणून 2, −5, 7 मांडले. एक घात गळला की घात झालाच! क्ष² या पंगतीला आलेला नाही, तरी त्याचं पान मांडावंच लागतं: 2, 0, −5, 7. नाहीतर −5 सरकून त्याच्या पाटावर बसतो आणि आपण भलत्याच बहुपदीला भागत राहतो, तेही अगदी बिनचूक.

नीट मांडलं तर 2 तसाच खाली. त्याला −3 ने गुणून −6, वरच्या 0 मध्ये मिळवून −6. पुन्हा −3 ने गुणून 18, −5 मिळवून 13. मग −39, 7 मिळवून −32. भागाकार 2क्ष² − 6क्ष + 13.

ताळा करायला सोपा म्हणून आपण क्ष = 1 घेतो. भाज्य 4, भाजक 4, भागाकार 9; 36 − 32 = 4. जमलं! पण 40 वाल्याचा भागाकार 2क्ष − 11, म्हणजे −9; −36 + 40 = 4. तोही पास! 1 चा कितवाही घात 1 च, त्याला क्ष³ काय नि क्ष² काय. म्हणून क्ष = 2 घ्यावा. भाज्य 13. खऱ्याचे 45 − 32 = 13, तोतयाचे −35 + 40 = 5. सापडला.

एवढं करूनही −32 कडे बघून पोटात गोळा येतोच. बाकी उणे कशी? ही तर उधारी! वास्तविक इथे अट फक्त कोटीची, म्हणजे क्षच्या सर्वांत मोठ्या घाताची: बाकीची कोटी भाजकाच्या कोटीपेक्षा लहान हवी. −32 ची कोटी 0, भाजकाची 1. पण ‘बाकी भाजकापेक्षा लहान’ हे प्राथमिक शाळेपासून घोकलेलं मन ऐकत नाही. ते खोडरबर शोधतं, आणि −32 च्या जागी ठसठशीत 46 लिहून मोकळं होतं.