टक्के म्हणजे गुण नव्हेत

‘हाउस ऑफ कार्ड्स’ या नेटफ्लिक्सच्या राजकीय थरारमालिकेबद्दलचा एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. माध्यमांचा अभ्यास करणाऱ्या माझ्या पुतणीने तो जसाच्या तसा प्रकल्पात उतरवून घेतला, म्हणून हे लिहावं लागतंय. दावे चार: रॉटन टोमॅटोज या परीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरचे टक्के म्हणजे समीक्षकांनी दिलेले गुण, तेही विकत घेतलेले, मालिका संगणकाने रचली, एमी पुरस्कारांत तिने सगळं लुटून नेलं, आणि मुख्य भूमिकेतल्या केव्हिन स्पेसीला काढलं म्हणूनच समीक्षक उलटले.

सगळ्यात घातक दावा टक्क्यांचा, कारण तो उद्या दुसऱ्या कुठल्याही मालिकेला चिकटवला जाईल. टोमॅटोमीटर, म्हणजे रॉटन टोमॅटोजचा तो टक्क्यांचा आकडा, गुण मोजतच नाही. प्रत्येक परीक्षणाचा कौल अनुकूल की प्रतिकूल, एवढंच तो बघतो. शंभरातली किती अनुकूल, तो आकडा. आता हिशेब करा. शंभर जणांनी ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’ म्हणून पाचपैकी तीन तारे दिले आणि ती सगळी परीक्षणं अनुकूल धरली गेली, तर आकडा १००, सरासरी तीन. पन्नास जणांनी पाच आणि पन्नास जणांनी दोन तारे दिले, तर आकडा ५०, सरासरी साडेतीन! टक्के निम्मे, गुण जास्त. शिवाय अख्ख्या मालिकेच्या नावापुढचा आकडा म्हणजे सगळ्या सीझनच्या आकड्यांची सरासरी. त्यात कुठला सीझन चढला, कुठला पडला हे दिसतच नाही.

गुणच हवेत तर मेटाक्रिटिक हे तसंच दुसरं संकेतस्थळ बघा. तिथे परीक्षणांचे शंभरपैकी गुण काढून, कुणाला कमी कुणाला जास्त वजन देत सरासरी काढतात. पहिल्या सीझनला तिथे ७६ आहेत. चांगले आहेत, पण डोक्यावर घेऊन नाचण्याइतके नाहीत. का, ते परीक्षणांत सापडतं. डेव्हिड फिंचरचं दिग्दर्शन आणि रॉबिन राइटचा अभिनय वाखाणला गेला. तक्रार अशी होती की फ्रँक अंडरवुडला, म्हणजे स्पेसीने साकारलेल्या राजकारण्याला, तोडीस तोड प्रतिस्पर्धीच नाही, त्यामुळे त्याचे डाव फार सहज साधतात. आणखी एक बघायचं: समीक्षकाने किती भाग पाहून लिहिलंय? १ फेब्रुवारी २०१३ ला तेराही भाग एकदम आले. त्याआधीची किंवा त्याच दिवशीची बरीच परीक्षणं सुरुवातीच्या मोजक्या भागांवर बेतलेली आहेत, आणि पहिले दोन भाग फिंचरचेच. पुढची घसरण त्यांत कशी दिसणार?

विकत घेतल्याच्या आरोपात थोडं तथ्य आहे, ते मान्य करावंच लागेल. २०२३ मध्ये ‘व्हल्चर’ या मनोरंजनविषयक संकेतस्थळाने दाखवून दिलं की एक प्रसिद्धी कंपनी किरकोळ समीक्षकांना पैसे देऊन टोमॅटोमीटर वर चढवत होती. पण ते प्रकरण छोट्या चित्रपटांचं. ते दहा वर्षं मागे ओढून या मालिकेला लावणं हा खोटेपणा आहे.

संगणकाचं म्हणाल, तर मूळ ब्रिटिश मालिका बीबीसीची, १९९० सालची. अमेरिकी आवृत्तीसाठी फिंचर, लेखक बो विलिमन आणि स्पेसी यांची मोट मीडिया राइट्स कॅपिटल या निर्मिती कंपनीने बांधली आणि प्रस्ताव एचबीओसारख्या वाहिन्यांकडेही नेला. प्रेक्षकांची आकडेवारी नेटफ्लिक्सने वापरली ती हा प्रकल्प घ्यायचा की नाही हे ठरवताना. पटकथा विलिमन आणि त्याच्या लेखकांनीच लिहिली.

एमी? २०१३ मध्ये नऊ नामांकनं, तीन पुरस्कार: दिग्दर्शन, छायाचित्रण, पात्रनिवड. सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा पुरस्कार तिला कधीच मिळाला नाही.

राहिला स्पेसी. त्याच्यावरचे लैंगिक गैरवर्तनाचे आरोप २०१७ च्या ऑक्टोबरअखेर बाहेर आले. पाचवा सीझन त्याच वर्षी ३० मे रोजी आला होता, त्यात स्पेसी पूर्णवेळ होता, तरीही परीक्षणं आधीच्या सीझनपेक्षा स्पष्टपणे थंड होती. विलिमन चौथ्या सीझननंतरच बाहेर पडला होता, तेव्हा घसरणीचं कारण शोधायचं तर आधी लेखकांच्या खोलीत शोधा. स्पेसीविना केलेल्या शेवटच्या आठ भागांत दोष भरपूर आहेत, पण मालिका तिथे पोचण्याआधीच उताराला लागली होती.