पृथ्वी लांब गेली म्हणून ताप येत नाही

दर जुलैला फिरणारा तो मेसेज यंदा आमच्या भावकीच्या ग्रुपवर आला आणि कोरेगावच्या आत्यानं तो खरा मानला. मजकूर असा: उद्यापासून पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब जाणार. एरवी 9 कोटी किलोमीटर असलेलं अंतर 15 कोटी 20 लाख होणार, म्हणजे 66 टक्के जास्त. 22 ऑगस्टपर्यंत जगभर थंडी पडेल, सर्दी, ताप, अंगदुखी होईल, काढा घ्या. आमच्या ग्रुपवरच्या मेसेजात कुणीतरी भरही घातली होती: ध्रुवावरची सहा महिन्यांची रात्र याच अंतरामुळे, आणि वाळवंटं सूर्याला जवळ म्हणून तापतात.

तापाचं आधी. आत्याचं अंग फणफणलं होतं, डोळ्यांमागं ठणका होता, तरी तिचं एकच, "अगं, सगळ्यांनाच होणार हाय ते, मेसेजमधी आलंय." भांडून दवाखान्यात न्यावं लागलं. रक्त तपासलं तर डेंग्यू. आपल्याकडं पावसाळ्यात ताप वाढतात ते साचलेल्या पाण्यावरच्या डासांमुळे. चिखलात अनवाणी राबणाऱ्यांना लेप्टोचाही, म्हणजे उंदरांच्या मुतानं दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचाही, धोका असतो. डेंग्यूची शंका असताना अंगदुखीवर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतलं तर रक्तस्रावाची भीती वाढते. सूर्य लांब गेलाय म्हणून ताप अंगावर काढणाऱ्याला हे सांगणार कोण? न वाचता मेसेज पुढं ढकलणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी.

आता अंतर. 9 कोटी हा आकडाच खोटा. शुक्र सूर्यापासून 10 कोटी 80 लाख किलोमीटरवर आहे, म्हणजे या हिशेबानं पृथ्वी शुक्राच्याही आत फिरायला हवी! खरं सरासरी अंतर 14 कोटी 96 लाख. जानेवारीच्या सुरुवातीला ते 14 कोटी 71 लाखांवर येतं, जुलैच्या सुरुवातीला 15 कोटी 21 लाखांवर जातं. फरक तीन-साडेतीन टक्के. आणि सूर्य सर्वांत जवळ असतो त्याच जानेवारीत आपण गोधड्या काढतो.

जगभर थंडी? जागतिक हवामान संघटनेनं नोंदवलेले दोन विक्रम बघा. अंटार्क्टिकातल्या वोस्तोक केंद्रावर उणे 89.2 अंश सेल्सिअस, 21 जुलै 1983. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत 56.7 अंश, 10 जुलै 1913. पृथ्वीवरची सर्वांत कडक थंडी आणि सर्वांत जास्त उष्णता, दोन्ही जुलैतली, दोन्ही वेळी सूर्य जवळपास तितकाच लांब. ऋतू ठरतो तो पृथ्वीचा अक्ष 23.4 अंशांनी कललेला असल्यामुळे. जुलैत उत्तर गोलार्ध सूर्याकडं झुकलेला असतो, दक्षिण पलीकडं. म्हणूनच दक्षिण ध्रुवावर रात्र असते तेव्हा उत्तर ध्रुवावर सूर्य मावळतच नाही. अंतरामुळे अंधार पडत असता तर दोन्हीकडं एकदम पडला असता.

वाळवंटाचं थोडक्यात. हवा कोरडी, आभाळ मोकळं, म्हणून दिवसा जमीन भाजते आणि रात्री तितक्याच झपाट्यानं निवते. वाळवंट ठरतं ते पावसावरून. अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात वर्षाला पन्नास मिलिमीटर पाण्याइतकाही बर्फ पडत नाही, म्हणून तेही वाळवंटच.

एक मान्य करते. जुलैत पृथ्वी सर्वांत लांब असते हे खरं, आणि साताऱ्यात तेव्हा गारठा असतो हेही खरं. पण तो गारठा ढगांचा आणि पावसाचा. महाबळेश्वर धुक्यात बुडालेलं असतं तेव्हा सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरवरच्या, माण तालुक्यातल्या म्हसवडला बऱ्याचदा लख्ख ऊन असतं. जिल्हा एकच, सूर्यही तितकाच लांब. मधे सह्याद्री ढगांचं पाणी उतरवून घेतो, म्हणून महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणला पाचशेच्या आसपास.