टेपा ‘डिजिटल करून देणाऱ्यांनो’, त्या आधीच डिजिटल होत्या

मिनी डीव्ही या जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या छोट्या कॅसेटच्या टेपवर जे असते ते पहिल्या दिवसापासून डिजिटलच असते. ‘जुन्या टेपा डिजिटल करून मिळतील’ अशी पाटी लावून पैसे घेणाऱ्या माणसाला एवढी एक गोष्ट ठाऊक असावी, ही अपेक्षा अवास्तव आहे असे मला मुळीच वाटत नाही. सिंधुदुर्गातल्या एका जत्रेत वीसेक वर्षांपूर्वी रात्रभर जागून चित्रित केलेल्या दशावतारी प्रयोगाच्या टेपा या आठवड्यात दुकानातून परत आल्या, सोबत एक पेनड्राइव्ह आला, आणि त्यातली फाइल उघडल्यापासून माझा संताप उतरायला तयार नाही.

फाइल १९२० बाय १०८० ची आहे, सेकंदाला ३० फ्रेमची आहे आणि तिचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला साठवलेली माहिती, दोन मेगाबिटच्या आसपास आहे. मूळ टेपवर ७२० बाय ५७६ चे चित्र आहे, सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे ५० फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रे) आहेत, आणि व्हिडिओचा प्रवाह २५ मेगाबिटचा आहे. तासाभराच्या टेपवर साधारण १३ गिगाबाइट माहिती असते; माझ्या हातात तासामागे एक गिगाबाइटसुद्धा आलेली नाही. आकार मोठा, फ्रेम जास्त आणि माहिती दहाव्या हिश्श्याहून कमी, असा हा ‘फुल एचडी’ आहे.

हे कसे घडले ते विचारायला गेलो तेव्हा दुकानातल्या मुलाने मोठ्या कौतुकाने मांडणी दाखवली. कॅमेऱ्याच्या बाजूला ‘डीव्ही’ असे स्पष्ट लिहिलेले चार पिनांचे पोर्ट तसेच झाकणाखाली बंद होते. त्याऐवजी पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन वायरी कॅमेऱ्यातून निघून एका स्वस्त यूएसबी कॅप्चर स्टिकमध्ये गेल्या होत्या. म्हणजे टेपवरची डिजिटल माहिती आधी कॅमेऱ्याने उलगडून ॲनालॉग केली, रंग आणि प्रकाश एकाच पिवळ्या वायरीतून कंपोझिट होऊन गेले, त्या स्टिकने ते पुन्हा विलग करण्याचा प्रयत्न केला, त्याचे पुन्हा डिजिटल केले, आणि मग ते दाबून दाबून एच.२६४ या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत, कोंबले. समोर ठेवलेली पोथी पाहून उतरवून घेण्याऐवजी ती एकाने पुटपुटत वाचावी आणि दुसऱ्याने पलीकडच्या खोलीत बसून ऐकू येईल तसे लिहावे, असा हा कारभार आहे. त्या डीव्ही पोर्टला फायरवायरची केबल लावली असती तर टेपवरचा एकेक बिट जसाच्या तसा संगणकात उतरला असता. त्यात दर्जा ‘राखण्याचा’ प्रश्नच येत नाही, कारण चित्रावर प्रक्रियाच होत नाही, नुसती नक्कल होते. फायरवायरचे आयईईई १३९४ हे मानक १९९५ सालचे आहे, सोनीच्या कॅमेऱ्यांवर तेच आय-लिंक नावाने येत असे, आणि मिनी डीव्हीही त्याच वर्षी बाजारात आले. टेप आणि तिची वायर एकमेकींसाठीच बनलेल्या आहेत, हे टेपांवर पोट असलेल्या माणसाला मी सांगावे लागते.

मी हे सांगितले. त्यावर उत्तर मिळाले, “काका, वायर कुठलीही लावा, चित्र तेच येतं.”

चित्र तेच येत नाही. डीव्हीच्या प्रत्येक फ्रेमसोबत टाइमकोड (फ्रेमचा अनुक्रम) आणि चित्रीकरणाची तारीख आणि वेळ नोंदलेली असते. ती पिवळ्या वायरीतून जातच नाही. कोणत्या रात्री, किती वाजता धयकाल्याचा, म्हणजे त्या दशावतारी खेळाचा, कोणता भाग रंगला होता, ही नोंद टेपवर आजही आहे आणि माझ्या फाइलमध्ये नाही. दशावताराचे संवाद लिहिलेले नसतात, कलावंत ते उभ्या उभ्या रचतात, त्यामुळे त्या रात्री बोलले गेलेले शब्द त्या टेपेखेरीज कुठेच सापडणार नाहीत. त्या प्रयोगातले दोन जुने कलावंत आज हयात नाहीत. अशा टेपेची तारीख गाळून टाकणारा माणूस त्या कामाला सेवा म्हणतो आणि पावतीवर त्याचे मोल लावतो, हे मला सहन होत नाही.

आता चेहऱ्यांकडे वळतो. ५७६ ओळींचे ते चित्र ४:३ प्रमाणाचे होते. १०८० उंचीच्या चौकटीत ते १४४० रुंदीचे बसते आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. त्या पट्ट्या राहायलाच हव्यात. यांनी चित्र आडवे ताणून १९२० केले, म्हणजे मंचावरचा प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद झाला. स्त्रीभूमिका करणारा सडपातळ कलावंत, ज्याच्या नुसत्या चालीवर जत्रेतली माणसे लुब्ध होत असत, तो या फाइलमध्ये ओळखू येत नाही. त्यावरचे स्पष्टीकरण असे होते, “आता टीव्हीवर पूर्ण स्क्रीन भरतो ना!” काळ्या पट्टीचे हे भय कुठून आले ते मला समजत नाही. घरोघरी टीव्हीची सेटिंग ताणलेल्या चित्रावरच ठेवलेली असते, रिमोट हातात घेऊन ती बदलली तर घरातले नाराज होतात, आणि वृत्तवाहिन्या जुनी दृश्ये दाखवताना बाजूच्या जागेत त्याच चित्राची धुरकट, फुगवलेली प्रत हलवत ठेवतात. पाहणाऱ्याचे लक्ष मधल्या दृश्यावर राहावे ही साधी गोष्ट कुणाला महत्त्वाची वाटत नाही.

युद्धनृत्यात तर अनर्थ झाला आहे. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत एका फ्रेमची दोन फील्ड असतात, प्रत्येकी २८८ ओळींची, आणि त्या दोन क्षणांमध्ये एक पन्नासांश सेकंदाचे अंतर असते. वेगाने फिरणारी तलवार दोन फील्डमध्ये दोन ठिकाणी असते. ती फील्ड नीट वेगळी करून सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम केल्या असत्या तर पखवाजाच्या बोलावर पडणारे प्रत्येक पाऊल स्वच्छ दिसले असते. ते काम फुकट मिळणारे एफएफएमपेग हे सॉफ्टवेअर करते, आणि एफएफएमपेग २००० सालापासून उपलब्ध आहे. दुकानाने फील्ड वेगळी न करता ५७६ ओळी तशाच १०८० पर्यंत ताणल्या, त्यामुळे दोन्ही क्षण एकमेकांत मुरले आणि प्रत्येक हालचालीच्या कडेला जाड दाते उमटले. हे दाते आता चित्राचाच भाग झाले आहेत. नंतर कोणताही फिल्टर लावून ते धड निघत नाहीत. त्यावर २५ चे ३० केले, म्हणजे दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम पुन्हा दाखवली, म्हणजे दर सेकंदाला पाच वेळा चित्र अडखळते. गणपतीच्या प्रवेशापासून शेवटच्या आरतीपर्यंत ते अडखळतच राहते.

ही ३० ची बाधा आपल्याकडे कशाला हवी आहे? आपली वीज ५० हर्ट्झची आहे. १९८२ साली दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या निमित्ताने देशात रंगीत प्रक्षेपण आले ते पाल पद्धतीने, सेकंदाला ५० फील्ड या हिशेबाने, आणि आपल्या एचडी वाहिन्याही १०८० ओळींच्या ५० फील्डवरच चालतात. ६० हर्ट्झची वीज अमेरिकेची, आणि ३० चे २९.९७ करण्याची गरजही तिथलीच, १९५३ साली रंगाचा आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांत घुसू नये म्हणून पडलेली. तरीही इथे विकले जाणारे फोन उघडल्याबरोबर ३० फ्रेमवर चित्रण करतात, ट्यूबलाइटखाली पट्टे सरकत राहतात, आणि त्याच कार्यक्रमाचे दुसऱ्या कॅमेऱ्यावरचे २५ फ्रेमचे चित्रण शेजारी ठेवले की संकलन करणाऱ्याच्या नशिबी रात्रभराची झटापट येते. अनेक फोन तर ठरलेला फ्रेमरेटसुद्धा पाळत नाहीत, प्रकाश कमी झाला की आपोआप वेग उतरवतात, आणि तासाभरानंतर ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे अशी अवस्था होते.

काळोखाबद्दल बोललो नाही तर ही तक्रार अर्धवट राहील. दशावतार रात्रीचा खेळ आहे. हॅलोजनच्या दोन दिव्यांपलीकडे सगळा अंधार, आणि त्यात काळ्या वेशातला संकासुर राक्षस. त्या काळच्या कॅमेऱ्याने त्या अंधारात बारीक दाणे टिपले आहेत, पण त्याच दाण्यांत झग्याची घडी आहे आणि मागे बसलेल्या पेटीवाल्याचे बोट आहे. डीव्हीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र दाबलेली असते, साधारण पाचास एक या प्रमाणात, त्यामुळे हे सगळे टेपवर टिकून आहे. दोन मेगाबिटच्या एच.२६४ ला ते परवडत नाही. तो कोडेक मागच्या आणि पुढच्या फ्रेमवरून अंदाज बांधतो, दाणे प्रत्येक फ्रेमला बदलतात म्हणून अंदाज चुकतो, बिट संपतात आणि अंधाराचे चौकोनी तुकडे पडतात. संकासुर आहे की नाही ते त्याच्या आवाजावरून ओळखावे लागते. लाल लुगडे कडेने ओघळले आहे, आणि एसडीच्या, म्हणजे जुन्या कमी ओळींच्या चित्राच्या, बीटी ६०१ या रंगमानकाचे रंग एचडीच्या बीटी ७०९ या रंगमानकाचे असल्याप्रमाणे वाचले गेल्याने हिरवा आणि लाल दोन्ही आपल्या जागेवरून सरकले आहेत. यात एच.२६४ ला दोष देण्यात अर्थ नाही. २००३ चे ते मानक उत्तम आहे. त्याला पुरेसे बिट द्यायचे नाहीत आणि मग जुन्या टेपेला नावे ठेवायची, हा अन्याय आहे.

‘एमपीफोर करून दिले आहे’ हे वाक्य ऐकले की माझ्या कपाळाची शीर उठते. एमपीफोर हे फाइलचे नुसते वेष्टन आहे. आत एच.२६४ आहे, की २०१३ चा एचईव्हीसी कोडेक, की आणखी काही, त्याचा बिटरेट किती, फील्ड आहेत की पूर्ण फ्रेम, हे त्या नावातून कळत नाही. एकांकिका स्पर्धांच्या अर्जांवर ‘व्हिडिओ एमपीफोरमध्येच पाठवावा’ एवढेच छापलेले असते आणि खाली व्हॉट्सॲपचा नंबर असतो. व्हॉट्सॲप नेहमीच्या मार्गाने पाठवलेला व्हिडिओ पुन्हा दाबते हे सर्वांना माहीत आहे, डॉक्युमेंट म्हणून पाठवण्याची सोयही सर्वांच्या फोनमध्ये आहे, तरी वर्षभराच्या मेहनतीच्या एकांकिकेची परीक्षा त्या चिखलावरच होते.

आणि हे आजचे नाही. याआधी व्हीसीडीची, म्हणजे व्हिडिओ सीडीची, लाट आली होती तेव्हा याच वृत्तीच्या दुकानांनी लोकांच्या लग्नांच्या, मुंजींच्या, कीर्तनांच्या चांगल्या टेपा ३५२ बाय २८८ च्या एमपेग-१ मध्ये उतरवल्या, म्हणजे अर्ध्या ओळी तिथेच टाकून दिल्या, आणि “आता टेपेची गरज नाही” असे सांगितले. लोकांनी विश्वासाने मूळ टेपा फेकल्या किंवा त्यांवर दुसरे काही चित्रित केले. कितीतरी घरांत आज आजीचा आवाज त्या ठोकळ्यांतच उरला आहे. माझा राग त्या लोकांवर नाही, कारण त्यांना कुणी काही सांगितलेच नव्हते. ज्यांचा हा धंदा होता त्यांच्यावर आहे.

त्यामुळे टेपा कुठेही देताना मी यापुढे अटी कागदावर लिहून घेणार आहे आणि ज्यांच्याकडे टेपा आहेत त्यांनीही घ्याव्यात. मिनी डीव्ही फक्त फायरवायरने उतरवावी, मूळ डीव्ही प्रवाह एव्हीआय किंवा एमओव्हीच्या वेष्टनात न बदलता द्यावा, आणि फाइल तासाला १३ गिगाबाइटची झाली म्हणून कुरकुर करू नये. पाहण्यासाठी वेगळी प्रत हवी असेल तर ती ५० पूर्ण फ्रेमची आणि ४:३ चीच असावी. व्हीएचएससारखी ॲनालॉग टेप असेल तर एफएफव्ही१ सारख्या काहीही न गमावणाऱ्या कोडेकमध्ये उतरवावी; २०२१ मध्ये त्याचे आरएफसी ९०४३ या क्रमांकाच्या तांत्रिक दस्तऐवजात तपशीलवार वर्णन प्रसिद्ध झाले आहे, त्यामुळे ‘असले काही नसते’ हे उत्तर चालणार नाही. प्रत्येक वेळी टेप फिरते तेव्हा हेडला घासते, आणि माझ्या टेपा या दुकानाने एकदा विनाकारण घासून घेतल्या आहेत. बिलात ‘एचडी कन्व्हर्जन’ म्हणून वेगळी रक्कम लावली आहे. ती परत मिळेपर्यंत मी त्या दुकानात जात राहणार आहे.