‘ताण वाढवला की स्वर चढतो, बस’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तबला स्वरात लावण्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक अभियंता’ या नावाने आपण प्रतिक्रिया दिलीत. इतर वाचकांसाठी तिचा सारांश देतो. आपलं म्हणणं असं: ताण वाढवला की स्वर चढतो, हे दहावीचं विज्ञान आहे, मोबाईलवरचा ट्यूनर हिरवा झाला की तबला लागला, सोळा घरं (तबल्याच्या काठावर वाद्यांमुळे पडणारे सोळा भाग), शाई (मधला काळा थर), गुरुजींचा कान ही सगळी भाविकता, लेख निम्म्यात आटोपता आला असता, शिवाय तबल्याच्या तोंडाच्या मापाबद्दल आणि कृत्रिम पुडीबद्दल (पुडी म्हणजे तोंडावर ताणलेलं आवरण) त्यात काही नाही.

मतभेदाला माझी हरकत नाही. ‘भाविकता’ या शब्दाला आहे. ज्या माणसांचं आयुष्य कातडं, वादी (पुडी ताणून धरणारा चामड्याचा पट्टा) आणि हातोडी यांत गेलं, त्यांची विद्या आपण एका शब्दात निकालात काढलीत, आणि तेही स्वतःचं नाव न लिहिता. इंदूरच्या माणसाला हे जास्त लागतं. होळकरांच्या दरबारात नाना पानसे होते. त्यांचा पखवाज शिष्यांच्या हातून दूरवर गेला. जहांगीर खाँसाहेबांचा तबला याच गावाने ऐकला. इथल्या मराठी घरांत ही वाद्यं खुंटीला टांगलेली शोभेची वस्तू कधीच नव्हती.

माझे आजोबा देवळात भजनाला पखवाज वाजवायचे. डाव्या तोंडाला कणीक लावण्याचं काम लहानपणी माझ्याकडे होतं. कणीक थोडी जास्त झाली की आवाज खाली बसायचा, खरवडून काढली की वर यायचा. वादी कोणी ओढलेली नाही, गठ्ठ्याला, म्हणजे वादीखालच्या लाकडी ठोकळ्याला, कोणी हात लावलेला नाही, आणि तरी स्वर हलतो. तुमच्या ‘ताण म्हणजेच स्वर’ या वाक्याला माझं पहिलं उत्तर हे आहे, आणि ते मी पुस्तकातून घेतलेलं नाही. स्वर ताणावर जितका अवलंबून, तितकाच कातड्याच्या वजनावर आणि तोंडाच्या व्यासावर.

व्यासाचा मुद्दा तुमचा बरोबर आहे, त्याला लेखात जागा द्यायला हवी होती. ती इथे देतो. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराचा) तबला काळी दोनवर न्यायचा तर ताण साधारण सव्वापट लागतो, आणि काळी चारवर न्यायचा तर जवळजवळ सव्वादोन पट. एवढं ओढलं तर पुडी फाटेल. म्हणून काळी एकला साधारण साडेपाच इंच तोंडाचा तबला आणि गायिकांच्या काळी चारला त्याहून लहान तोंडाचा.

आता ‘बस’ या शब्दाकडे येतो, कारण माझा सगळा आक्षेप त्या शब्दाला आहे. नुसतं गोल कातडं ताणून वाजवलं, तर त्यातले वरचे कंप मूळ कंपाच्या १.५९, २.१४, २.३० अशा पटींत येतात. हे आकडे कुठल्याही स्वरमालिकेत बसत नाहीत, म्हणून अशा वाद्यातून ठोका ऐकू येतो, सूर येत नाही. आणि ताण कितीही वाढवा, सगळे कंप एकाच प्रमाणात चढतात. त्यांचं आपसातलं नातं बदलत नाही. ते नातं बदलते ती शाई. मध्यभागी जाड आणि कडेला पातळ होत गेलेला तो थर कंपांना दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींच्या जवळ आणून बसवतो. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं आणि १९३४ साली त्यावर सविस्तर निबंध लिहिला. शाईला भाविकता म्हणायचं असेल तर रामन यांनाही भाविक म्हणा.

आणि सोळा घरं. ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली असते आणि तर्जनी चाटेवर, म्हणजे काठालगतच्या कातड्याच्या पट्टीवर, पडते. टेकलेल्या बोटामुळे मूळ कंप दबतो आणि त्याच्या वरचा कंप ऐकू येतो. त्या कंपात पुडीचा एक व्यास स्थिर राहतो आणि दोन्ही बाजू आळीपाळीने वरखाली होतात. तबला फिरवून दुसऱ्या घरावर ‘ना’ वाजवलात की तो व्यासही फिरतो. घराघरांत ताण सारखा नसेल तर एका दिशेला सेकंदाला २७७ कंपांचा आणि दुसऱ्या दिशेला २८१ कंपांचा असे दोन स्वर एकाच पुडीत राहतात, आणि दोन्ही एकदम जागे झाले की सेकंदाला चार हेलकावे कानावर येतात. तुमचा ट्यूनर त्यातला एक आकडा पकडतो आणि हिरवा होतो. माझे गुरुजी तबला समोर फिरवत, एकेका घरावर ‘ना’ घेत, गजऱ्यावर (पुडीच्या काठाच्या गुंफलेल्या चामडी कडीवर) हातोडीचा हलका ठोका देत: चढवायचा तर वरून, उतरवायचा तर खालून, इकडे ठोकलं की समोरच्या घराकडेही बघायचं, कारण ताण एका जागी थांबत नाही. श्रावणात पुडी ओल धरून उतरायची तेव्हा हे सगळं पुन्हा. यात भाविकता कुठे आहे, हे तुम्ही दाखवून द्यायला हवं होतं. ते न करता शेरा मारलात, आणि अशा शेऱ्याला मी उद्धटपणा म्हणतो.

षड्ज ठरवायला मीही ट्यूनर वापरतो. त्यावर वाद नाही.

लेखाची लांबी माझा प्रश्न आहे. कृत्रिम पुडी मी वाजवत नाही, म्हणून तिच्यावर लिहिलं नाही, लिहिणारही नाही.

तबला जवळ असेल तर ट्यूनर हिरवा करा, मग फोन बंद करून प्रत्येक घरावर ‘ना’ वाजवा. जे ऐकू येईल ते इथे लिहा, या वेळी आपल्या नावाने. प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही.